अग्निवीर म्हणून शपथ घेतली. आता सेवेत राहावे की नाही, याविषयी मन साशंक झाले आहे

माणदेशी_२००५ यांचा प्रश्न

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा असून बारावीनंतर अग्निपथ योजनेतून ‘जनरल ड्युटी’साठी भरती झालो. बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये माझे प्रशिक्षण पूर्ण झाले, कसम परेड झाली आणि सध्या मी सुट्टीवर घरी आहे. सुट्टी संपली की मला थेट पलटणीत हजर व्हायचे आहे. पलटण कुठे आहे हे येथे लिहिणे बरोबर नाही, म्हणून लिहीत नाही.

प्रशिक्षणात कोणी विनाकारण छळले किंवा कष्ट झेपले नाहीत, अशातला भाग नाही. धावणे, बीम, पाठीवर ओझे घेऊन रात्रीची चाल या सगळ्यांत मी बरोबरीच्या मुलांच्या पुढेच असे. अडचण निराळी आहे. संगिनीच्या सरावात पोत्याच्या पुतळ्यावर ओरडत धावून जाताना एकदा मनात आले की, हा पुतळा ज्या माणसाच्या जागी उभा केला आहे, त्याच्यावर मी खरोखर वार करू शकेन का; आणि तो विचार त्यानंतर गेलाच नाही. फायरिंगमध्ये गुण चांगले पडत होते, पण ते ऐकून होणारा आनंद कमी कमी होत गेला.

दुसरी शंका व्यवहाराची आहे. योजनेतील सेवेची चार वर्षे संपतील तेव्हा मी तेविशीत असेन. चौघांपैकी फार तर एकाला पुढे नियमित सेवेत घेतील, बाकीचे घरी येतील. माझे वर्गमित्र तोवर पदवीधर झालेले असतील आणि मी बारावी पास असेन. आमच्या गावात प्रत्येक आळीत एक तरी फौजी आहे. दहावीचा निकाल लागल्यावर मुलगा पहाटे रस्त्यावर धावू लागला तर तो कशासाठी धावतो, असे कोणी विचारत नाही. मीही स्वतःला कधी विचारले नाही. या दोन शंकांपैकी खरी कोणती आणि तिच्या आडून बोलणारी कोणती, हेच मला नीट कळेनासे झाले आहे.

शपथ झाल्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून सेवेतून मुक्त होता येते का? एक मित्र म्हणतो की परत जाऊच नकोस, काही दिवसांनी नाव आपोआप कापले जाते आणि विषय संपतो; हे कितपत खरे आहे? आणि जे अनुभवी आहेत त्यांनी कृपया सांगावे की अशी शंका सगळ्यांनाच येते, की ती आली म्हणजे माणूस या कामाचा नाही असे समजावे? वडिलांना मी अजून काहीही सांगितलेले नाही.

निवृत्त सुभेदार (इन्फंट्री) यांचे उत्तर

मी वयाने तुझ्या आजोबांच्या जवळपास असेन, त्यामुळे एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

आधी एक गोष्ट पक्की ठरव. सुट्टीच्या दाखल्यावर जी तारीख आहे, त्या तारखेला तू पलटणीत हजर असला पाहिजेस. बाकीचा सगळा विचार त्यानंतर. आत राहून ‘साहेब, मला जायचे आहे’ असे म्हणणाऱ्या जवानाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. घरी बसून तेच म्हणणारा जवान मात्र गैरहजर ठरतो, आणि एकदा गैरहजर ठरल्यावर त्याच्या मनात काय चालले होते हे लिहायला कागदावर रकाना नसतो. तुझ्या मित्राने सैन्याची नोकरी आणि एखाद्या कारखान्यातली हंगामी नोकरी एकाच मापाने मोजली आहे.

संगिनीच्या सरावाविषयी तू लिहिलेस, ते वाचून मला आश्चर्य वाटले नाही. असे बोलायची सैन्यात पद्धत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटते की हा विचार आपल्या एकट्यालाच आला. माझ्या हाताखालून पुष्कळ मुले गेली. ज्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही असे दिसे, त्यांच्या हाती भरलेली रायफल देताना मी उलट जास्त सावध असे. तेव्हा शंका आली म्हणून तू या कामाचा नाहीस, असा निष्कर्ष काढू नकोस. मात्र ती आपोआप विरून जाईल, असेही मी सांगणार नाही. अशी शंका मनात ठेवून उत्तम नोकरी केलेले लोक मी पाहिले आहेत, आणि तिने आतून पोखरल्यामुळे झोप उडालेला एक हुशार जवानही पाहिला आहे. जवानाचे बरेचसे आयुष्य पहारा, गस्त, सराव, शस्त्रांची देखभाल आणि हुकमाची वाट पाहण्यात जाते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा होड्या घेऊन लष्कराचे जवानही आले होते, हे तू पाहिले असशील. पण सैन्य त्या कामासाठी ठेवलेले नसते. ज्या दिवशी खरा हुकूम येईल त्या दिवशी शेजारच्या माणसाचा जीव तुझ्यावर अवलंबून असेल, आणि म्हणूनच ही शंका तुझी एकट्याची खासगी बाब राहत नाही. तिच्याविषयी वरिष्ठांशी बोलणे हा भित्रेपणा नाही.

आता सेंटर आणि पलटण यांतला फरक. सेंटरमध्ये तू रंगरूट होतास. सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत उस्तादाचा आवाज आणि मागे पडण्याची भीती, एवढेच तुझे जग होते. पलटणीत तुला सेक्शन मिळते. दहा जणांत तुझी जागा ठरते, कोणाचा तरी तू बडी (जोडीदार) होतोस, आणि ज्या गोष्टी सेंटरमध्ये शिक्षा वाटत होत्या त्यांचे कारण समजू लागते. काही मुलांचे मन तिथे बसते. काहींचे सेंटरमध्ये बसलेले मन तिथे उडते, हेही खरे. पण तू सैनिकी आयुष्याविषयी निर्णय घेणार असशील, तर आतापर्यंत तू फक्त त्याची शाळा पाहिली आहेस, एवढे लक्षात घे.

नव्याने आलेल्या जवानांची मुलाखत कमांडिंग ऑफिसर घेतात. त्याआधी सेक्शन कमांडर, प्लाटूनचे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि कंपनी कमांडर, या पायऱ्या चुकवू नकोस. कोणाला ओलांडून गेलास तर खरे कारणही कुरबूर वाटते. दोन शंका दोन वेगळ्या वाक्यांत सांग. नोकरीच्या भवितव्याची काळजी हजारो अग्निवीरांना आहे, तिच्यावर कोणी तुला सोडणार नाही. पहिली शंका मात्र नीट, न घाबरता सांगितलीस, तर समजूतदार अधिकारी तिची दखल घेईल. पोटात दुखते, चक्कर येते असली सोंगे काढू नकोस. तो वेगळा गुन्हा आहे, आणि एमआय रूममधल्या (पलटणीच्या दवाखान्यातल्या) डॉक्टरांनी तुझ्यासारखी पुष्कळ पोरे पाहिलेली असतात.

एक गोष्ट मला खटकते ती सांगून थांबतो. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक सुट्टी मिळते, तर अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. आमच्या पिढीतल्या जवानाचे मन डळमळले तर तो सुट्टीत घरी येऊन, शेतात चार दिवस घालवून, पुन्हा ताजा होऊन जात असे. तुम्हा मुलांना ती सवड कमी आहे. त्यामुळे तुमच्या शंकेला ‘आजकालची पोरे’ असे म्हणून उडवून लावणाऱ्या माझ्या जुन्या सोबत्यांशी मी सहमत नाही.

वकील_सेनाकायदा यांचे उत्तर

मी सशस्त्र सेना न्यायाधिकरणासमोर वकिली करतो. येथे लिहितो ती सर्वसाधारण माहिती आहे. तुमचे कागद पाहिल्याशिवाय कोणीही नेमका सल्ला देऊ नये, आणि तुम्हीही तो घेऊ नये.

सैन्यातून बाहेर पडण्याचा दरवाजा टप्प्याटप्प्याने अरुंद होत जातो, आणि आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे पुष्कळ तरुणांना माहीत नसते. मेळाव्यात निवड होऊन वैद्यकीय तपासणी झाली तरी नावनोंदणी होईपर्यंत तुम्ही नागरिकच असता आणि न जाण्याचा निर्णय घेऊ शकता. नावनोंदणी झाली की सेना अधिनियम, १९५० लागू होतो, मात्र शपथ होण्यापूर्वी रंगरुटाला मुक्त करण्याचे अधिकार सेना नियम, १९५४ मधील नियम १३ नुसार तुलनेने खालच्या पातळीवर असतात, म्हणून प्रशिक्षणाच्या काळात विनंती मान्य होणे सोपे जाते. शपथेनंतर हीच विनंती अवघड होते, आणि तुम्ही आज या तिसऱ्या टप्प्यावर आहात.

त्यात अग्निवीरांसाठी वेगळी अट आहे. योजनेच्या अटींनुसार चार वर्षे पूर्ण होण्यापूर्वी स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्ती मिळत नाही. केवळ अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने ती देता येते. म्हणजे दरवाजा बंद नाही, पण तो उघडणे हा तुमचा हक्क नाही. खासगी नोकरीतील एक महिन्याच्या नोटिशीसारखी सोय येथे नाही, आणि संविधानाच्या अनुच्छेद ३३ मुळे सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, म्हणून तसा युक्तिवादही टिकत नाही. काही देशांत सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र हाती घेण्यास नकार देण्याची कायदेशीर तरतूद असते. ती प्रामुख्याने सक्तीच्या भरतीतून आलेली आहे. आपल्याकडे भरती ऐच्छिक असल्यामुळे तशी स्वतंत्र तरतूद नाही, त्यामुळे तुमची पहिली शंका कायद्याच्या भाषेत ‘विनंती’ म्हणूनच मांडावी लागेल.

मित्राचा सल्ला मात्र धोकादायक आहे. पुरेशा कारणाशिवाय सुट्टी संपूनही हजर न होणे हा कलम ३९ खालील गुन्हा असून त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गैरहजेरीचे ३० दिवस झाले की कलम १०६ नुसार चौकशी न्यायालय बसते आणि जवानाला पलायन केलेला म्हणून नोंदवले जाते. कमांडिंग ऑफिसर मुलकी अधिकाऱ्यांना कळवतात, म्हणजे तुमच्या पोलीस ठाण्यात तुमच्या नावाचा कागद येतो, आणि पलायन केल्याचा वाजवी संशय असल्यास पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पलायनाला कलम ३८ खाली, सक्रिय सेवेत (शत्रूविरुद्धच्या कारवाईवर किंवा तशा भागात) नसताना, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सक्रिय सेवेत असताना किंवा त्या सेवेवर जाण्याचा आदेश मिळालेला असताना कायद्याने मृत्युदंडापर्यंत तरतूद ठेवली आहे. तुमची पलटण कोणत्या भागात आहे यावर तुमची स्थिती कोणती, हे ठरू शकते. इतर बहुतेक गुन्ह्यांत खटला सुरू करण्यासाठी असलेली ३ वर्षांची मुदत पलायनाला लागू नाही. ‘नाव आपोआप कापले जाते’ या समजुतीचा उगम बहुधा असा आहे की, जवान सापडलाच नाही तर काही वर्षांनी बडतर्फीचा आदेश निघतो. ती बडतर्फी असते, मुक्ती नसते, आणि पुढे कोणत्याही सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती समोर येते.

घरच्यांनाही सांगावे लागेल की, पलायन केलेल्या सैनिकाला जाणूनबुजून आश्रय देणे हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. त्यातून सूट आहे ती फक्त पती किंवा पत्नीला, आईवडिलांना नाही.

पैशाचा हिशेबही पाहा. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपयांपैकी २१,००० हातात येतात आणि ९,००० सेवानिधीत जातात. सरकार तेवढीच रक्कम आपल्याकडून घालते. चार वर्षांनी दोन्ही मिळून १०.०४ लाख आणि त्यावरील व्याज, अशी साधारण ११.७१ लाखांची रक्कम मिळते. विनंतीवरून मध्येच बाहेर पडणाऱ्याला फक्त स्वतःचा वाटा व त्यावरील व्याज मिळते. दोन वर्षांनी बाहेर पडलात तर स्वतःचा वाटा २,२६,८०० रुपये होतो. प्रशिक्षणाच्या खर्चाची वसुली हा मुद्दाही विचारात घ्या. २०२३ मध्ये पहिल्या तुकडीतील काही जण मध्येच गेल्यावर अशा वसुलीच्या विचाराविषयी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. तुमच्या बाबतीत काही देणे लागेल का, हे अर्ज करतानाच लेखी विचारा.

परत_आलेला यांचे उत्तर

मी दुसऱ्या एका रेजिमेंटच्या सेंटरमधून, शपथ होण्यापूर्वी, नाव कापून परत आलो. माझे कारण तुमच्याइतके गंभीर नव्हते. मला अभियांत्रिकी पदविकेला प्रवेश मिळाला होता आणि तो सोडवत नव्हता.

अर्ज दिल्यावर मला एकामागून एक सगळ्यांसमोर उभे केले गेले, वडिलांना बोलावून घेतले गेले आणि त्यांच्यासमोर पुन्हा तेच प्रश्न विचारले गेले. कोणी अंगावर हात टाकला नाही, पण प्रत्येकाने मन वळवण्याचा प्रयत्न केला, आणि कागद पुढे सरकेपर्यंत मी बरोबरीच्या मुलांपासून वेगळा, झाडलोटीच्या आणि स्वयंपाकघराच्या कामावर होतो. तो काळ प्रशिक्षणापेक्षा जड गेला, कारण संध्याकाळी बराकीत येणारी मुले थकलेली पण हसत असत आणि मी त्यांच्यातला उरलो नव्हतो. गावात आल्यावर लोकांनी ठरवूनच टाकले होते की मी धावण्यात नापास झालो असणार. आता मी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि माझे बरे चालले आहे.

सुभेदार साहेबांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. पलटण पाहून मग ठरव, हे म्हणणे वाजवी वाटते, पण आत राहून वाट पाहणे म्हणजे काहीच न ठरवणे नव्हे. दर महिन्याला तुमच्यावर खर्च होतो, तुम्ही कोणाच्या तरी विश्वासाचे होता, तुमच्या पगारावर घरचे बेत आखू लागतात, आणि मग ‘नाही’ म्हणणे अधिकाधिक कठीण होते. तुमची पहिली शंका खरी असेल तर पहिल्याच मुलाखतीत बोला. दुसरे म्हणजे, वडिलांना सुट्टी संपण्यापूर्वी सांगा. माझ्या वडिलांना ही गोष्ट मुलाकडून नव्हे, तर सेंटरमधून आलेल्या फोनवरून कळली, आणि या संपूर्ण प्रकरणात त्यांनी तेवढीच एक गोष्ट मनावर घेतली.

माणदेशी_२००५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी ठरल्या तारखेला हजर होणार आहे. न जाण्याचा विचार पूर्णपणे सोडला. काल वडिलांशी बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी एवढेच विचारले की, तुला भीती मरण्याची वाटते की मारण्याची. मी दुसरी म्हणालो. ते म्हणाले, मग हे साहेबांना याच शब्दांत सांग.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काही जण सुचवत आहेत की अर्जात आईच्या आजारपणाचे कारण दिले तर काम लवकर होते. आईला मधुमेह आहे, पण त्यासाठी मी घरी असलेच पाहिजे अशी स्थिती नाही. आणि समजा मी राहायचे ठरवले, तर या चार वर्षांत पदवीचा अभ्यास शक्य आहे का?

वकील_सेनाकायदा

आईच्या आजाराचे कारण देऊ नका. अशा कारणाची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा स्थानिक प्रशासनामार्फत पडताळणी होऊ शकते, आणि स्वाक्षरी केलेल्या कागदात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. एकदा ते उघड झाले की तुमच्या खऱ्या कारणावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. अर्ज एका पानाचा, तुमच्याच शब्दांत असावा. तो फेटाळला गेला आणि तुमच्यावर अन्याय झाला असे वाटले, तर कलम २६ खाली वरिष्ठांकडे दाद मागता येते, आणि ते मार्ग वापरून झाल्यावर न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत बसते. आधीच न्यायाधिकरणाची भाषा वापरून अर्ज लिहू नका.

निवृत्त सुभेदार (इन्फंट्री)

अभ्यासाचे उत्तर मी देतो. अग्निवीरांसाठी इग्नूचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे धरले जातात आणि उरलेले विषय आवडीप्रमाणे घेता येतात. पलटणीत शिक्षण विभागाचे जेसीओ किंवा हवालदार असतात, त्यांना गेल्या गेल्या भेट; प्रवेशाच्या तारखा चुकल्या की पुढच्या सत्रापर्यंत थांबावे लागते. पलटण सीमेजवळच्या पुढच्या भागात असेल तर पुस्तके कागदाचीच ने, मोबाईलवर विसंबू नकोस.

जाताना सुट्टीचा दाखला, ओळखपत्र आणि रेल्वे वॉरंट (सरकारी प्रवासाचा कागद) एकाच पिशवीत ठेव आणि एक दिवस हाताशी राखून निघ. गाडीला उशीर झाला किंवा वाटेत ताप आला, तर तिथूनच पलटणीला फोन कर, आणि जवळ लष्करी रुग्णालय असेल तर तिथे जाऊन नोंद करून घे. पुण्यापर्यंत आलास तर खडकीला आहे.